हम दोनोंच

दिवाळीच्या सुट्टीत धाकट्या भावाची मुलगी पुण्याहून मुदखेडला आली होती. तिच्या लग्नाला दीड वर्ष झालं. नवराबायको दोघंही आयटीत. रात्री जेवणं झाल्यावर तिने बैठकीत लॅपटॉप उघडला आणि घरातल्या सगळ्या बायकांना जवळ बोलावलं. एप्रिलमध्ये ती दोघं इटलीला जाणार होती. सगळा बेत तिने तक्त्यात मांडून ठेवला होता. तीन दिवस रोम, दोन दिवस फ्लॉरेन्स, दोन दिवस व्हेनिस. कोणत्या गाडीने जायचं, कुठं उतरायचं, हलाल जेवण कुठं मिळतं, सगळं.

माझ्या अम्मीने चष्मा पुसून फोटो पाहिले. घरांच्या मधून रस्त्याऐवजी पाणी वाहतंय हे बघून ती म्हणाली, "ये तो गोदावरी को पूर आया सरीका दिखरा." सगळे हसले. माझी बायको हसली नाही. तिने विचारलं, "साथ में कौन कौन जारै?"

"कोई नई, बडी अम्मी. हम दोनोंच."

आमच्या घरच्या दखनीतला हा 'च' मराठीतून आलेला आहे. दिल्ली-लखनौच्या उर्दूवाल्यांच्या कानाला तो खटकतो, ते 'ही' म्हणतात. पण 'दोनों ही' म्हटलं की मागून कुणीतरी येईल असं वाटत राहतं. 'दोनोंच' म्हटलं की बाकीचं घर दाराबाहेर राहतं.

बायको पुढे काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मेथी निवडता निवडता स्वतःशीच म्हणाली, "दोनोंच." मी पेपर वाचत होतो. ऐकू आलं नाही असं दाखवलं. बत्तीस वर्षांच्या संसारात ही कला मला चांगली साधली आहे.

पुतणीच्या बेतात मला रस वाटला तो तिच्या फाइलीत. मी जिल्हा परिषदेचा मास्तर, फाइल दिसली की हात आपोआप जातो. शेंगेन व्हिसाची फी माणशी 90 युरो. किमान 30 हजार युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा, बँकेचं स्टेटमेंट, आयकराचं विवरणपत्र, कंपनीने दिलेलं रजेचं पत्र, परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग. आणि लग्नाचा दाखला. निकाहनामा उर्दूत, म्हणून तिने लग्नानंतर लगेच सरकारी नोंदणी करून घेतली होती. "बडे अब्बा, आपका नोंदणी हुआ क्या?" तिने विचारलं. आमचं लग्न 1992 चं. तेव्हा काझीच्या रजिस्टरात सही झाली की झालं. ती म्हणाली, निदान निकाहनाम्याची झेरॉक्स तरी काढून ठेवा. मी ठेवली. हे पुढे कामाला आलं.

व्हेनिसमध्ये गोंडोला नावाची नाव असते. तिचा अधिकृत दर दिवसा अर्ध्या तासाला 90 युरो, म्हणजे आपले आठ हजारांच्या वर. अम्मी म्हणाली, "इत्ते में तो बकरा आता." शिवाय 2024 पासून काही ठरावीक दिवशी नुसतं फिरून परत जाणाऱ्यांकडून शहरात शिरायचेच पैसे घेतात. गर्दीने ते शहर बेजार झालं आहे. पुतणीला वाटेत व्हेरोनालाही उतरायचं होतं, तिथं ज्युलिएटचा सज्जा आहे. मी आपली मास्तरकी केली. म्हटलं, ज्युलिएट ही नाटकातली मुलगी, आणि तो सज्जा विसाव्या शतकात त्या जुन्या घराला बसवलेला आहे. ती म्हणाली, "मालूम है. फिर भी खडे रहके फोटो निकालना है."

अम्मीचा आक्षेप वेगळा होता. पहले उमरा, बाद में दुनिया. पोरीने शांतपणे सांगितलं की उमऱ्याला पण जाऊ, अब्बा-अम्मीला घेऊन जाऊ, त्यात तर सगळेच असतील ना. याच्यावर अम्मीकडे उत्तर नव्हतं. आमच्याकडेही नव्हतं. आम्हा नवराबायकोचे पासपोर्ट 2019 मध्ये उमऱ्यासाठीच काढलेले. 2020 च्या फेब्रुवारीत सौदीने कोरोनामुळे उमरा थांबवला, पुढे घरात एकेक खर्च निघत गेला, आणि ते पासपोर्ट अजून कोरे आहेत. कपाटात कुराणशरीफच्या खालच्या खणात, बायकोच्या दागिन्यांच्या डबीजवळ.

खरं सांगायचं तर आम्ही कधी कुठं गेलो नाही असं नाही. मुदखेड हे जंक्शन आहे. मनमाड-सिकंदराबाद मार्गावरचं, आणि इथूनच आदिलाबादकडे फाटा फुटतो. निजामाच्या काळात, 1900 च्या सुमाराला, ही लाइन आली. आमच्या वडिलांच्या पिढीत नुसतं 'शहर' म्हटलं की हैदराबाद. 1956 पर्यंत आमचं सरकार तिथलं, कोर्टकचेरी तिथली, मोठा दवाखाना तिथला. आजही आमच्या शिवारातला मोगरा, काकडा, गलांडा नांदेडच्या बाजारात जातो तसा हैदराबादलाही जातो. माणसांपेक्षा आमची फुलं जास्त फिरतात.

माणसाला जायचं तर कारण लागतं. दवाखाना, शादी, मय्यत. कंधारचा उर्स, परभणीचा उर्स. मुलीच्या लग्नाचे जोडे आणि बांगड्या घ्यायला आम्ही हैदराबादला गेलो तेव्हा अकरा माणसं होतो. बायका पुढच्या गाडीत, पुरुष मागच्या. लाड बाजारात बायको दुकानाच्या आत होती आणि मी बाहेर पिशव्या धरून. अशा प्रवासांत मी आणि ती शेजारी बसलो आहोत असं मला एकदाही आठवत नाही. वाईट असं काही नाही त्यात. मजा येते, डबे उघडतात, पोरं भांडतात. पण तो घराचाच प्रवास असतो, नुसतं घर चाकावर ठेवलेलं.

एकदा मात्र आम्ही दोघांनी ठरवलं होतं.

निकाह मे 1992 मध्ये झाला. मी पंचवीस वर्षांचा, नोकरीला लागून दोन वर्षं झालेली. मधुचंद्र हा शब्द मी मराठी कादंबऱ्यांत वाचला होता, आमच्या गल्लीत तो कुणी उच्चारला नव्हता. डिसेंबरात हैदराबादला एका मित्राचा वलीमा होता. मित्र काही एवढा जवळचा नव्हता, पण वलीमा खरा होता, आणि अब्बांसमोर सांगायला कारण झालं. त्यांनी मान हलवली. तेव्हा आमच्याकडे मीटरगेजची छोटी गाडी. 11 डिसेंबर, शुक्रवारची दोन तिकिटं मी काढून आणली आणि बायकोने ती ट्रंकेत साडीच्या घडीत ठेवली. काय बघायचं याची तिने वहीच्या कागदावर यादी केली होती. चारमिनार, गोलकोंडा, हुसेनसागर, आणि शेवटी 'आइस्क्रीम'. 

6 डिसेंबरला रविवार होता. संध्याकाळी रेडिओवर अयोध्येची बातमी आली. पुढचे दिवस कसे गेले ते माझ्या वयाच्या वाचकांना सांगायला नको. हैदराबादच्या जुन्या शहरात संचारबंदी लागली. मुदखेडमध्ये काही झालं नाही. शेजारचे फुलांचे व्यापारी काका रोज रात्री आमच्या ओट्यावर येऊन बसायचे, काही न बोलता बिडी ओढायचे आणि अकराच्या सुमाराला उठून जायचे. मी स्टेशनवर जाऊन तिकिटं परत केली. खिडकीवरच्या बाबूने कारण विचारलं नाही. बायकोने ती साडी ट्रंकेत तळाशी घातली. पुढच्या वर्षी मोठा मुलगा झाला, मग अब्बांचं आजारपण, बहिणींची लग्नं, घराचं बांधकाम, मुलांची शिक्षणं. त्या यादीचा विषय आमच्यात कधी निघाला नाही. रागाने नाही, तो निघालाच नाही.

म्हणून ते मेथी निवडताना आलेलं 'दोनोंच' मला ऐकू आलं नाही असं दाखवावं लागलं.

आठ दिवसांनी मीच विषय काढला. म्हटलं, जून महिन्यात मी रिटायर होतोय, रजा शिल्लक पडल्या आहेत, जानेवारीत दोन दिवस कुठं तरी जाऊ. ती म्हणाली, "कौन बीमार है?"

कुठं जायचं यावर दोन रात्री गेल्या. मुंबई बाद झाली, कारण तिची बहीण कुर्ल्याला राहते. तिच्या घरी न उतरलो तर आयुष्यभर ऐकावं लागेल आणि उतरलो तर ते दोघंच कसले. औरंगाबाद जवळ, पण तिथं बीबी का मकबरा. ती म्हणाली, तो तर मुलाने आईसाठी बांधला, त्यात नवराबायकोचं काय. मुद्दा बरोबर होता, मकबरा शहजादा आझमशहाच्या नावावर आहे आणि आत त्याची आई दिलरस बानू बेगम आहे. शेवटी हैदराबादच. तिथंही माझी खाला आहे, मेहदीपट्टणमला. तिला परत आल्यावर कळवायचं ठरलं. हे आमचं पहिलं संयुक्त कारस्थान.

तुमच्यापैकी कुणी असा बेत करत असेल तर थोडं कामाचं सांगतो. शुक्रवार टाळा. सालारजंग संग्रहालय आणि चौमहल्ला पॅलेस दोन्ही शुक्रवारी बंद असतात. रमजानची रात्र जुन्या शहरात बघण्यासारखी असते, पण दोघांना श्वास घ्यायला जागा मिळत नाही. थंडीतलं शनिवार-रविवार बरं. सकाळी शहर गाठणारी अजिंठा एक्स्प्रेस काचीगुड्याला सोडते, परतीला दुपारी सिकंदराबादहून देवगिरी. दिवसात दोनच ठिकाणं ठेवा. पुतणीने तिच्या तक्त्यात रोममध्ये एका दिवसात सात घातली होती, ते वाचूनच माझे गुडघे दुखले.

सगळ्यात अवघड काम घरात होतं. अम्मीला काय सांगायचं. मी म्हटलं, डोळ्यांच्या दवाखान्याचं सांगू, आपल्याकडची निम्मी माणसं डोळ्यांसाठी हैदराबादलाच जातात, कुणाला शंका येणार नाही. बायको म्हणाली, "झूट नक्को. इस उमर में झूट बोलके घूमना क्या?" मला वाटलं ती बेत मोडतेय. पण ती उठली, अम्मीच्या खोलीत गेली आणि सरळ म्हणाली, "अम्मी, हम दोनों हैदराबाद घूमने जारै. दो दिन."

अम्मी बराच वेळ तसबीह फिरवत राहिली. मी दाराच्या आडोशाला उभा. सत्तावन्न वर्षांचा माणूस, नातवंडं असलेला. मग अम्मी म्हणाली, "मुअज्जमजाही मार्केट में आइस्क्रीम खाना. सीताफल का."

तिला हे कसं माहीत असं आम्ही दोघांनी एकदमच विचारलं. तेव्हा कळलं की 1978 मध्ये माझ्या आजीला उस्मानिया दवाखान्यात ठेवलं होतं. अब्बा आणि अम्मी पंधरा दिवस तिथंच. एका संध्याकाळी आजीला झोप लागली तेव्हा अब्बांनी अम्मीला पायी पायी त्या मार्केटपर्यंत नेलं आणि आइस्क्रीम खाऊ घातलं. परत येईपर्यंत आजी जागी झाली होती आणि रागावली होती. "एकीच बार," अम्मी म्हणाली. अब्बा जाऊन अठरा वर्षं झाली. त्यांच्या तोंडून ही गोष्ट आम्ही कधी ऐकली नव्हती.

जानेवारीच्या तिसऱ्या शनिवारी सकाळी आम्ही काचीगुड्याला उतरलो. खोली फोनवर ठरवली होती. काउंटरवरच्या पोराने दोघांचे आधार घेतले आणि थांबला. माझ्या आधारवर माझ्या अब्बांचं नाव, बायकोच्या आधारवर तिच्या. आमच्यात लग्नानंतर बाईचं नाव बदलतंच असं नाही. "अंकल, ये आपके कौन?" मी म्हटलं, बायको. "प्रूफ?" माझं डोकं फिरलं. अविवाहित जोडप्याने हॉटेलात राहणं हा गुन्हा नाही असं मद्रास उच्च न्यायालयाने 2019 मध्येच म्हटलेलं आहे, हे त्या पोराला ऐकवावं असं तोंडावर आलं होतं. पण मागे बुरख्यात बायको उभी, रात्रभरच्या प्रवासाने थकलेली, आणि शेजारच्या बाकावरची दोन माणसं आमच्याकडे बघू लागलेली. मी फाइलमधून निकाहनाम्याची झेरॉक्स काढून दिली.

पोराला उर्दू चांगलं येत होतं. त्याने ते मोठ्याने वाचायला सुरुवात केली. तारीख, वकील, गवाह. मग म्हणाला, "मेहर पाँच हजार पाँच सौ एक रुपये... उधार." आणि नकाशा दाखवल्यासारखं बोट तिथंच ठेवून त्याने मला विचारलं, "अंकल, ये दे दिए ना?"

नकाबाच्या आतून बायकोच्या हसण्याचा आवाज आला. "नई दिए," ती म्हणाली. त्या बाकावरची माणसंही हसली. पोराने किल्ली दिली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. निकाहच्या वेळी नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम म्हणजे मेहर. तो तिचा हक्क, त्यावर दुसऱ्या कुणाचा अधिकार नाही. आमच्याकडे तो बहुतेक वेळा उधार ठेवतात, म्हणजे कागदावर लिहितात आणि विसरतात. काही ठिकाणी नवरा मरणाच्या दारात असताना लोक बायकोला म्हणतात, माफ कर, आणि ती रडत रडत माफ करते. मी दरवर्षी जकातीचा हिशेब पैशापर्यंत करणारा माणूस. हा हिशेब बत्तीस वर्षं माझ्या वहीत आलाच नव्हता.

पहिला अर्धा दिवस वाईट गेला. हे कुणी सांगत नाही म्हणून लिहितो. बोलायला काही नव्हतं. सालारजंगमध्ये आम्ही दालनामागून दालन फिरलो आणि बोललो ते एवढंच, की धाकट्याने गॅसचं बुकिंग केलं असेल का, अम्मीने बीपीची गोळी घेतली असेल का. तिथल्या त्या प्रसिद्ध घड्याळासमोर, जिथं छोटा पुतळा बाहेर येऊन टोले देतो, बाकी जोडपी सेल्फी घेत होती आणि आम्ही मुलीला फोन लावत होतो. मला वाटलं, बस, आपली गाडी रुळावरून गेलेली आहे. ती काय विचार करत होती मला माहीत नाही. दुपारी जेवताना ती अचानक म्हणाली, "फोन बंद करो. मैं भी करती." तिने खरंच केला. मी सायलेंटवर ठेवला. (नंतर तिला ते कळलं.)

संध्याकाळी जुना पूल बघायला गेलो. 1578 चा, इब्राहिम कुतुबशहाच्या काळातला. गोष्ट अशी सांगतात की शहजादा मुहम्मद कुली भागमतीला भेटायला पुराच्या मुसीत घोडा घालायचा, म्हणून बापाने पूल बांधून दिला. आज तिथं खाली नदी म्हणावं असं काही नाही, वास मात्र आहे. भागमती खरी होती का यावर वाद आहे. फरिश्त्याने तिच्याबद्दल लिहिलं आहे, आणि हारून खान शेरवानींसारखे इतिहासकार ती दंतकथा मानतात. मला ज्युलिएटचा सज्जा आठवला. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "बच्ची ने बोला ना, फिर भी फोटो निकालना है." पुतणीच्या लॅपटॉपवर व्हेनिसचा रियाल्टो पूल होता, पांढऱ्या दगडाचा, दोन्ही बाजूंनी दुकानं. तो 1591 मध्ये पूर्ण झाला. चारमिनारही 1591 चाच. हे मी तिला चारमिनारच्या खाली उभं राहून सांगितलं आणि पहिल्यांदा तिने दिवसभरात माझ्या मास्तरकीकडे लक्ष दिलं. "याने एकीच वक्त पे दोनों तरफ मिस्त्री लोग काम कर रहे थे?" हो, म्हटलं. तिचा एक भाऊ गवंडी आहे.

कोटीवरून जाताना मी तिला जुन्या रेसिडेन्सीची गोष्ट सांगितली, जी पुढे महिला महाविद्यालय झाली. इंग्रज रेसिडेंट किर्कपॅट्रिकने खैरुन्निसा नावाच्या हैदराबादी मुलीशी निकाह केला. 1803 च्या सुमाराला ही खांबांची इमारत त्याने उभारायला घेतली. बेगम पडद्यात. ती समोरून इमारत बघू शकत नव्हती, म्हणून तिच्या बागेत त्याने तिची छोटी प्रतिकृती करवली असं सांगतात. 1805 मध्ये तो कलकत्त्यात वारला, मुलं त्याच वर्षी इंग्लंडला पाठवलेली, ती पुन्हा तिला दिसली नाहीत. बायको फाटकापाशी थांबून आत बघत राहिली. मग म्हणाली, "बाहर लाके दिखाना था ना. छोटा घर कायकू बनाया?" किर्कपॅट्रिकचा कैवार घ्यावा असं मला वाटलं, पण घेतला नाही.

रविवारी कुतुबशाही मकबरे. इथं वेळ द्या, घाई करू नका. गोलकोंड्याच्या पायथ्याशी मोठी बाग आहे. 2013 पासून आगाखान ट्रस्टने तिथं दुरुस्तीचं काम केलं, ते 2024 मध्ये पुरं झालं. घुमट, विहिरी, चुन्याचं नक्षीकाम पुन्हा उजळलं आहे. बादशहांच्या सोबत तिथं तारामती आणि प्रेमामती या दोघींच्याही कबरी आहेत. नाचणाऱ्या बायका, पण जागा मिळाली राजघराण्याच्या आवारात. भागमतीची कबर मात्र कुठं नाही. आम्ही फातेहा पढली आणि एका विहिरीच्या पायरीवर बसलो. उन्हाला धार नव्हती. तिथं, कसं ते माहीत नाही, 11 डिसेंबरचा विषय निघाला. तिने सांगितलं की ती यादी तिने अजून ठेवली आहे. मी विचारलं, कुठं. तर पासपोर्टच्या शेजारच्या त्याच डबीत. मी म्हटलं, मग कधी बोलली का नाहीस. ती म्हणाली, "आप तिकीट वापस करके आए तब आपका मुँह देखी थी मैं." त्यानंतर आम्ही खूप बोललो. ते इथं लिहिण्यासारखं नाही.

लाड बाजारात ती दुकानात शिरली आणि मी सवयीने बाहेर उभा राहिलो. तिने आतून हाक मारली. आत जाण्याआधी मी कोपऱ्यावरच्या एटीएममधून साडेपाच हजार काढून आणले होते. वरचा एक रुपया खिशात होताच. दुकानदारासमोरच तिच्या हातावर ठेवले. तिने मोजले. मास्तरीण नसली तरी मास्तराची बायको आहे. मग म्हणाली, "बत्तीस साल का सूद?"

"सूद हराम है," मी म्हटलं.

"हौ ना," ती म्हणाली, "और कर्जा डुबाना हलाल है." दुकानदाराने तिची बाजू घेतली. बांगड्यांचे पैसे मीच दिले.

मुअज्जमजाही मार्केट 1935 चं, दगडी, मध्ये मनोऱ्यावर घड्याळ. सातव्या निजामाने धाकट्या मुलाच्या नावाने बांधलं. आइस्क्रीमची जुनी दुकानं अजून तिथंच आहेत, बाहेर खुर्च्या टाकलेल्या. सीताफळाचं मागवलं. तिने मेहरच्या पैशातून दिले आणि एक पावती मागून घेतली, अम्मीला दाखवायला. ती संध्याकाळी नकाबाची एक बाजू वर करून चमच्याने आइस्क्रीम खात होती आणि मी तिच्याकडे बघतोय हे तिच्या लक्षात आलं. "क्या देख रै?" म्हणाली. शेजारच्या टेबलावरच्या मुलाने विचारलं, अंकल, फोटो काढू का? आम्ही उभे राहिलो, मधे वीतभर जागा ठेवून. तो फोटो फॅमिली ग्रुपवर टाकलेला नाही.

दोघांचा सगळा खर्च, गाडी, खोली, जेवणखाण, बांगड्या धरून, नऊ हजार आठशे झाला. मेहर वेगळा.

सोमवारी देवगिरीने परत निघालो. खालाला गाडी सुटल्यावर फोन केला, ती अपेक्षेप्रमाणे रागावली. दोन दिवस हैदराबादच्या रस्त्यांवर बायको माझ्या शेजारून चालत होती. मुदखेडला प्लॅटफॉर्मवर उतरलो, आणि पुलापर्यंत येईतो ती सवयीने चार पावलं मागे गेली होती. मी थांबलो. तीही थांबली. मी हळू चाललो तर तीही हळू. फुलांच्या करंड्या घेऊन माणसं समोरून येत होती, आम्ही वाट दिली.

बाहेर ओळखीचा ऑटोवाला होता. पिशव्या ठेवता ठेवता त्याने विचारलं, "हैदराबादहून का सर? कोण आजारी आहे?"

मी तोंड उघडायच्या आत ती मागून मराठीत म्हणाली, "कुणी नाही. फिरायला गेलो होतो."

त्याने आरशातून एकदा माझ्याकडे बघितलं आणि ऑटो सुरू केला.